केफेन्स आणि हॅश केलेले पत्ते : आठ महिने वापरल्यावर

आमच्या सर्व्हरांच्या लिनक्स कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) केफेन्स, म्हणजे मेमरीच्या चुकीच्या वापराचे बग पकडणारं साधन, चालू करून आठ महिने झाले. हे साधन ५.१२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून कर्नलमध्येच आहे. डीफॉल्टला ते साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एखादंच अलोकेशन (मेमरीची मागणी) पहाऱ्यात घेतं, त्यामुळे मशीन मंदावल्याचं जाणवत नाही. पहाऱ्यातल्या २५५ ऑब्जेक्टांसाठी (मेमरीच्या तुकड्यांसाठी) जेमतेम २ एमबी मेमरी जाते. कासान हा याच कामाचा दुसरा तपासनीस जास्त पकडतो, पण शॅडोसाठीच, म्हणजे कुठली मेमरी वापरता येते याच्या नोंदींसाठीच, एक अष्टमांश मेमरी मागतो. प्रॉडक्शनवर ते शक्य नव्हतं.

माझी धास्ती वेगळीच होती. कर्नल ४.१५ पासून %पी या खुणेने लॉगमध्ये छापलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हॅश होऊन येतो, खऱ्या पत्त्याऐवजी त्यापासून बनवलेला निराळा आकडा दिसतो. खरे पत्ते लॉगमधून फुटले तर केएएसएलआर (कर्नलची मेमरीतली जागा दर बूटला बदलून लपवणारं संरक्षण) असून नसल्यासारखं, हे मान्य. पण पत्त्याशिवाय बग शोधायचा कसा?

पहिल्याच यूज-आफ्टर-फ्रीने (सोडलेली मेमरी पुन्हा वापरण्याच्या बगने) ती भीती घालवली. रिपोर्टमध्ये ऑब्जेक्टचा क्रमांक होता, साइझ होती, मेमरी कुणी घेतली आणि कुणी सोडली याचे दोन्ही स्टॅक (फंक्शन कॉलच्या साखळ्या) होते, तेही फंक्शनचं नाव आणि ऑफसेटसकट. पत्त्याची गरजच पडली नाही. शिवाय एका बूटमध्ये एका पॉइंटरचा हॅश बदलत नाही, त्यामुळे लॉगमध्ये ग्रेप करता (शोधता) येतं. रीबूटनंतर मात्र हॅशची गुप्त की बदलते आणि जुन्या लॉगशी मेळ बसत नाही.

खरी अडचण चौथ्या महिन्यात आली. आमच्याच ड्रायव्हरमधला २७ बाइटांचा बफर, आणि फ्री करताना मेमरी करप्शनचा (हद्दीबाहेर लिहिलं गेल्याचा) रिपोर्ट. बफरच्या लगेच पुढच्या बाइटच्या जागी नुसतं '!', बाकी सगळे ठिपके, म्हणजे न बदललेले बाइट. तिथे काय लिहिलं गेलं ते हॅशिंग चालू असताना केफेन्स मुद्दाम दाखवत नाही, कारण तो बाइट म्हणजे कुणाचा तरी डेटा असू शकतो. लिहिणाऱ्याचा स्टॅकही या प्रकारात मिळत नाही. दोन दिवस चाचपडलो. शेवटी टेस्ट मशीन नो_हॅश_पॉइंटर्स हा हॅशिंग बंद करणारा पर्याय देऊन बूट केलं, तोच लोड चालवला, आणि '!' च्या जागी ०x०० दिसलं. स्ट्रिंगचा शेवटचा शून्य! लांबी मोजताना त्याच्यासाठी एक मिळवायचा राहिला होता.

म्हणून प्रॉडक्शनवर हॅशिंग चालूच ठेवा, ते बंद केलेलं मशीन वेगळं ठेवा, आणि त्यावर खरा डेटा अजिबात नको. स्लब_डीबग हा मेमरी तपासणीचा बूट पर्यायही सांभाळून वापरा. ते दिलं की हॅशिंग आपोआप बंद होतं.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. हॅशिंग चालू असूनही ऊप्समध्ये (कर्नलमधल्या गंभीर चुकीच्या रिपोर्टमध्ये) प्रोसेसरच्या रजिस्टरांच्या किमती उघड्याच छापल्या जातात. डीबगिंगला त्या हव्यातच, माझं त्यांच्यावाचून चालणार नाही. म्हणून आमच्याकडे डीमेसेज_रिस्ट्रिक्ट (सामान्य वापरकर्त्यांना कर्नलचा लॉग वाचू न देणारी सेटिंग) सगळीकडे १ आहे, आणि बाहेर पाठवायचा प्रत्येक ऊप्स आधी मी स्वतः वाचतो.