सत्तरीच्या आसपास विजेची दुचाकी : सायकल, बिनपरवान्याची स्कूटर की नोंदणीची स्कूटर?

घरातील ज्येष्ठ माणसासाठी विजेवर चालणारी दुचाकी घ्यायचे ठरले की दुकानात पहिली चर्चा होते ती एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याची. सोलापुरात जुळे सोलापुरातून निघून कंबर तलावाला फेरी मारणे, नवी पेठेत औषधे घेणे आणि सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन परतणे एवढा व्याप धरला, तरी तेवढे अंतर बाजारातील कोणतीही बरी गाडी एका चार्जिंगमध्ये सहज कापते. माझ्या वडिलांसाठी (वय ७१) आणि धाकट्या काकांसाठी (वय ६६) गाड्या पाहताना मला काळजी वाटली ती गाडी उभी असतानाच्या क्षणांची : पाय टाकून बसताना, सात रस्त्याच्या गर्दीत एकाएकी थांबून पाय टेकताना, बोळातून गाडी मागे ओढताना आणि ती स्टँडवर लावताना. म्हणून पुढील तुलना मुख्यतः त्याच अंगाने केली आहे.

विजेच्या सायकलचे वजन साधारण २० ते २५ किलो असते आणि ती कलली तरी हाताने सावरता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मात्र गुडघा दुखत असेल तर मधली दांडी खाली वळवलेली सायकलच घ्यावी, म्हणजे पाय मागून उंच फिरवावा लागत नाही. आपल्याकडे तिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात आणि त्या एका शब्दापायी अनेक वडीलधारी मंडळी ती नाकारतात. वडिलांनीही आठवडाभर नाकारली. त्यांना मी एवढेच विनवले की दोन्ही सायकलींवर दहा वेळा चढून-उतरून पाहा. नंतर त्यांनी स्वतःच दांडी नसलेली निवडली.

सायकलमध्ये आणखी एक फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. काही सायकलींत पेडल फिरू लागले, एवढेच सेन्सरला कळते. त्यामुळे मोटर किंचित उशिरा आणि झटक्याने सुरू होते, आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहते. दुसऱ्या, अधिक महाग प्रकारात पायाचा दाब मोजला जातो, आणि जेवढा जोर तेवढीच मदत मिळत असल्याने चाल एकसारखी राहते. दुसरा प्रकार सुरक्षित खरा, पण ज्यांच्या गुडघ्यांत दाब देण्याचीच ताकद उरलेली नाही त्यांना पहिला प्रकार अधिक सोयीचा पडतो, कारण नुसते पाय फिरवले तरी पुरते. अशा वेळी मदतीची सर्वांत खालची पातळी ठेवून सुरुवात करावी, आणि ब्रेक दाबताच मोटर बंद होते की नाही हे दुकानातच तपासावे.

बिनपरवान्याची स्कूटर म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि बॅटरी वगळून ६० किलोपर्यंत वजनाची गाडी. तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, परंतु चाचणी संस्थेची मान्यता तिलाही लागतेच. हे प्रमाणपत्र मागितल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेथून निघावे हे उत्तम. एका दुकानात ‘वेग वाढवून देतो’ असे मला आपणहून सांगण्यात आले. वेग वाढवल्यावर ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि अपघात झाला तर नोंदणी नाही, विमा नाही, अशा स्थितीत आपले वडीलधारे माणूस अडकते. नियमात राहिलेली गाडी पेठेतल्या गल्ल्यांना पुरेशी आहे; विजापूर रस्त्यावर ट्रक आणि एसटीच्या रांगेत मात्र त्या वेगाने जाणे मला धोक्याचे वाटते.

नोंदणीच्या स्कूटरचे ब्रेक, दिवे आणि सस्पेन्शन सर्वांत भरवशाचे असतात, पण वजन ११५ ते १३५ किलोच्या घरात जाते. टीव्हीएस आयक्यूबच्या सीटची उंची ७७० मिलीमीटर आणि एथर रिझ्टाची ७८० मिलीमीटर आहे. कागदावर हा फरक नगण्य दिसला तरी कमी उंचीच्या माणसाची टाच टेकते की नुसते चवडे, हे सीटच्या रुंदीवरही ठरते, तेव्हा बसून पाहणे अटळ आहे. या दोन्ही गाड्यांना आणि बजाज चेतकलाही मोटरच्या जोरावर मागे घेण्याची सोय आहे, आणि ज्येष्ठांसाठी मी ती मोबाईलशी जोडणाऱ्या पडद्यापेक्षा कितीतरी मोलाची मानतो. लायसन्सचा विचारही आधीच करावा, कारण ५५ वर्षांनंतर त्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो.

कोणत्याही विजेच्या स्कूटरला उभ्या अवस्थेत आवाज नसतो. जन्मभर पेट्रोलची गाडी चालवलेला माणूस ती बंद समजून हँडल पकडून ढकलू लागतो, मूठ पिळली जाते आणि गाडी उसळते. उतरण्याआधी चावी बंद करण्याची सवय लागेपर्यंत घरातील कोणीतरी शेजारी उभे राहावे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून उन्हातून आल्याआल्या चार्जर लावू नये. सायकलची काढता येणारी बॅटरी तीन-चार किलोची असल्याने तिसऱ्या मजल्यावरही नेता येते. स्वस्त स्कूटरमधील लेड-अॅसिड बॅटऱ्यांचा संच तसा उचलता येत नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये प्लग नसेल तर तो पर्याय तिथेच संपतो.

तीनचाकी सायकल तोल गेलेल्यांना आधार वाटते, पण ती वळणावर झुकत नाही आणि वेगात वळवली तर बाहेरच्या बाजूला कलंडू शकते. ती फक्त संथ चालीसाठी घ्यावी.

वडिलांनी सायकल कधी सोडलीच नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी विजेची सायकल घेतली. काकांचा हात पंचवीस वर्षे स्कूटरवर बसलेला आणि लायसन्स चालू, म्हणून त्यांना नोंदणीची स्कूटर सुचवली. पण चाचणीच्या वेळी मधला स्टँड त्यांच्याकडून एकट्याने लागला नाही. साईड स्टँडवर भागवायचे, की काही किलोंनी हलके मॉडेल पाहायचे, हे आता ते येत्या रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, पुन्हा एकदा गाडी चालवून ठरवणार आहेत.