चिकलठाणा की वेळणेश्वर? मराठवाड्यातून घर हलवताना

निवृत्तीच्या आसपास आलेल्या आपल्याकडच्या माणसांत हा विषय आता बऱ्याचदा निघतो. शेत बटईनं दिलेलं असतं, लेकरं पुण्याला नाही तर हैदराबादला असतात, हातात थोडा पैसा आलेला असतो. मग संभाजीनगरात विमानतळाच्या बाजूला घर घ्यावं, की सरळ कोकणात समुद्राकाठी जाऊन राहावं? आम्ही दोन्हीकडं राहून पाहिलं. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात वेळणेश्वरला भाड्यानं राहिलो आणि आता संभाजीनगरच्या विमानतळाशेजारी चिकलठाण्यात स्वतःच्या घरात आहोत. कल कुठं आहे ते यावरून कळेलच. तरी समुद्राची बाजू मी हातचं राखून सांगणार नाही, कारण तिथं आम्हाला माणसं फार चांगली भेटली.

विमानतळ म्हटलं की लोक आधी आवाजाचं विचारतात. इथून मुंबई, दिल्ली, हैदराबाद अशी मोजकीच विमानं आहेत. धावपट्टीच्या सरळ रेषेत घर असेल तर विमान जाईपर्यंत बोलणं थांबवावं लागतं. रेषेपासून जरा बाजूला असेल तर कान लवकर सरावतो. झोपमोड होते ती जालना रोडवरच्या ट्रकांनी. त्यामुळे घर रस्त्यापासून आत बघा, विमानाचं फार मनावर घेऊ नका. कागदपत्रं मात्र नीट पाहा. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीला परवानगी लागते, आणि धावपट्टी वाढवण्यासाठी चिकलठाणा, मुकुंदवाडी, मूर्तिजापूर या बाजूच्या जमिनींच्या संपादनाचा विषय आहे. आपला गट नंबर त्यात येतो का, हे इसार देण्याआधी पाहून घ्यावं.

आम्ही स्वतः विमानात क्वचितच बसतो. मुलगी हैदराबादहून येते तेव्हा तिला घ्यायला चालत गेलो तरी चालतं, एवढाच थेट उपयोग. पण विमानतळ, एमआयडीसी आणि जालना रोड एकत्र आल्यामुळे इथं रात्रीसुद्धा रिक्षा मिळते, औषधाचं दुकान उघडं असतं आणि मोठी हॉस्पिटलं जवळ आहेत. घरात म्हातारं माणूस असलं की याची किंमत कळते. वेळणेश्वरहून काही गंभीर झालं तर चिपळूण किंवा डेरवण गाठावं लागतं. पावसाळ्याच्या रात्री त्या वळणांच्या रस्त्यानं जायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर लागतो.

चिकलठाण्याचं दुखणं पाणी आहे, आणि ते लहान नाही. जायकवाडीचं एवढं मोठं धरण पन्नासेक किलोमीटरवर असून नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहूनही उशिरा. पाण्याचा दिवस असला की घर सोडता येत नाही. लग्नकार्याला जायचं तरी आधी पाण्याचा वार बघायचा. बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि डाळ शिजत नाही. आम्ही घर बांधतानाच 10,000 लिटरचा हौद करून घेतला, म्हणून निभतं. उन्हाळ्यात टँकरचा खर्च धरूनच चालावं लागतं.

आता समुद्र. वेळणेश्वरचा किनारा, मागे माडांच्या बागा, जांभ्या चिऱ्याची घरं, संध्याकाळी देवळातली घंटा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या दिवसांसाठी मी तरी दुसरी जागा सुचवणार नाही. आमच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र तिथं पाहिला. रोज पायरीवर बसून बघायची. हवा स्वच्छ, गोंगाट नाही, आणि शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा आमच्या भाड्याच्या घरापुढंही थांबली. आम्ही परके आहोत असं कुणी जाणवू दिलं नाही.

जमीन घ्यायची झाली तर आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या नावावर शेत असतं, त्यामुळे शेतजमीन घेताना शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण येत नाही. पण तिकडं एकेका सातबाऱ्यावर भावकीतली ढीगभर नावं असतात, निम्मी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. समुद्राच्या अगदी काठावर बांधायचं तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम आहेत. पाण्याचंही ऐका: एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये काठावरच्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. निकाल लागला तो ओलीवर.

आपल्याकडं वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात 3,000 च्या वर, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. आकडा आधी माहीत होता, पण तो घरात कसा शिरतो हे तिथं राहिल्यावर कळलं. पडवीला झाप बांधले, खिडक्या लावून घेतल्या, तरी आषाढात गादीला हात लावला की दमट. कपाटातल्या चांगल्या साड्यांना कुबट वास. सिलेंडरच्या बुडाचा गंज फरशीवर गोल उमटायचा. कुलपात रोज तेल. कपडे तीन-तीन दिवस दोरीवर आणि तरी अंगात घालताना गार.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते ज्वारीचं. आम्ही शेतातल्या शाळूचं पोतं बरोबर नेलं होतं. गावच्या गिरणीत तांदूळ आणि नाचणीच जास्त दळायला येते, त्यामुळे आमचं दळण मागे राहायचं. म्हणून बायकोनं एकदम जास्त पीठ दळून आणलं. चार-पाच दिवसांत पिठाची विरी गेली. गरम पाणी घालून मळलं, उकड काढून पाहिली, तरी भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरायची, तव्यावर टाकताना मोडायची. पोत्यात खाली हात घातला तर दाणे दमट आणि पोरकिडे झालेले. उन्हात घालावं म्हटलं तर ऊन कुठलं! चैत्रात केलेले पापड, कुरडया आणि बाजरीच्या खारोड्या डब्यात मऊ पडल्या, त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली. आई ते डबे पुढ्यात घेऊन बसली होती. म्हणाली, "लेकरा, इथं काही वाळतच न्हाई की."

शेजारच्या काकू मायेनं सांगायच्या, "पावसात पीठ राहत नाही हो, थोडं थोडं दळून आणा, नाहीतर आमच्यासारखी तांदळाची भाकरी करा." त्यांनी बायकोला शिकवलीही, आणि ती छान होते. पण आईला दोन्ही वेळेला ज्वारीच लागते. या वयात तिचं ताट बदलायला लावावं असं मला वाटेना. शिवाय ओलीनं तिचे गुडघे धरले होते. इथं आल्यावर ती चालायला लागली. हवेमुळंच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मला मात्र तसं वाटतं.

पाण्याच्या टंचाईला हौद बांधता येतो, टँकर मागवता येतो. ओलीला आम्हाला काही उपाय सापडला नाही. चिकलठाण्यात मे महिन्यात पारा चाळिसाच्या पुढं जातो, अंगाची लाही होते. पण त्याच उन्हात गच्चीवर कुरडया एका दिवसात खणखणीत वाळतात आणि वर्षभर टिकतात.

तुमच्या घरी भातच जास्त खाल्ला जात असेल, सांधेदुखी-दम्याचं कुणी नसेल आणि पाण्याच्या वाराला बांधून घेणं तुम्हाला अजिबात सोसत नसेल, तर समुद्राकाठचं गाव तुम्हाला कदाचित जास्त मानवेल. फक्त व्यवहार करण्याआधी मृगापासून गणपतीपर्यंत तिथं भाड्यानं राहा. हिवाळ्यात गाव पाहून कुणीच निर्णय घेऊ नये, कारण हिवाळ्यात ते कुणालाही आवडेल.

आम्ही तरी घर इथं ठेवलंय आणि दिवाळीनंतर काही दिवस वेळणेश्वरला जातो. पुणे, कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता आहे. पहाटे निघालात तर मुक्कामाला पोचता येतं, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर साताऱ्याला किंवा कराडला रात्र काढा. नाताळाचा आठवडा तेवढा टाळा, त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात. आणि ज्वारीचं पीठ नेणार असाल तर आठवड्यापुरतंच न्या.