निपल तुटलं म्हणून कॅलिपर गळ्यात

गणपतीच्या तोंडावर अंगणात गाडी वर घ्यायची, ब्रेक ऑइल बदलायला बसायचं आणि कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) ब्लीडर निपलची (जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) मुंडी पान्यासोबत हातात यायची. दापोली-गुहागरपासून देवगड-मालवणपर्यंत हे नेहमीचं. खारं वारं, वर चार महिन्यांचा पाऊस. निपलवरची रबरी टोपी एकदा हरवली की पाणी आतल्या पोकळीत साचतं, बाहेरचे आटे गंजून एकजीव होतात. त्यात रिंग पान्याऐवजी ओपन पाना लावला की संपलं.

खरा फटका बसतो तो यानंतर.

गॅरेजमधलं वाक्य ठरलेलं: "निपल सुटं मिळत नाही, कॅलिपरच बदलावा लागेल. आणि अशी गाडी चालवू नका हां, ब्रेक फेल होतील." यातलं निम्मं खरं असतं, म्हणून ते पटतं. काही गाड्यांच्या कंपनी-यादीत निपल वेगळं नसतंही. पण स्पेअरच्या दुकानात ते आट्याच्या मापावर मिळतं. ८ मिमी जाडीला १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) आणि १० मिमीला १ पिच ही नेहमीची मापं. तुटलेला तुकडा किंवा दुसऱ्या बाजूचं निपल सोबत न्या. पिच चुकलं तर कॅलिपरचे आटे जातात.

धोक्याचं म्हणाल तर, निपल टोकाच्या शंकूवर बसून ऑइल अडवतं. सैल व्हायच्या आधीच मुंडी तुटली असेल तर शंकू बहुधा जागेवरच असतो. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला निपलपाशी बघायला सांगा. ओल दिसली, पेडल हळूहळू खाली गेलं किंवा स्पंजसारखं लागलं, तर गाडी हलवायची नाही. कॅलिपर काढून न्या नाहीतर मेकॅनिक घरी बोलवा. सगळं कोरडं आणि पेडल टणक असेल तर घाई तुम्हाला नाही, समोरच्याला आहे.

तुकडा काढायचं काम चांगल्या लेथवाल्याचं. तो तुकड्यावर नट वेल्ड करतो, त्या उष्णतेनंच गंज सुटतो. त्याआधी पिस्टन आणि सील बाहेर काढलेले हवेत, आणि जोडताना सीलचं नवं किट. घरी इझी-आउट (तुटलेला स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालून जोर करू नका. ते कडक पोलाद आत मोडलं की साधं ड्रिलही लागत नाही, आणि मग कॅलिपर खरोखरच जातो. मागच्या ड्रम ब्रेकमधल्या व्हील सिलिंडरचं (ब्रेक शू ढकलणारा भाग) निपल तुटलं तर मात्र झटापट नको, सिलिंडरच बदला. तो स्वस्त असतो. तिथेही कोणी "पूर्ण प्लेट (ब्रेक ज्यावर बसतो ती) बदलू" म्हणालं तर गाडी परत घ्या.

कॅलिपर घ्यावाच लागला तर दुसरा सापळा: जुनाच माल चंदेरी रंग मारून नवा म्हणून. पाइप बसतो त्या भोकाभोवती पाहा. तांब्याच्या वॉशरचा गोल वळ असेल तर तो आधी बसवलेला आहे. नव्याच्या भोकात प्लॅस्टिकचं बूच असतं. रबरावर रंगाचे शिंतोडे, पॅड सरकतो तिथे झिजलेली खाच, पिनेला ग्रीस नाही, ही बाकीची लक्षणं. डावा-उजवाही तपासा. उलट बाजूचा बसवला की निपल खाली येतं, वरची हवा निघतच नाही आणि पेडल नरमच राहतं. मग दुकानदार म्हणतो, "तुम्हाला ब्लीडिंग जमलं नाही, ब्रेकचा माल परत घेत नाही."

खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता हवाच. २०११ च्या वैधमापन नियमांत ते सक्तीचं आहे. बिलावर पार्ट नंबर, बाजू आणि 'नवा' हा शब्द लिहून घ्या. काढलेला जुना कॅलिपर मागून घरी आणा, नाहीतर तोच रंगून पुढच्या गिऱ्हाइकाला जातो. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि फोनवरचा विक्रेता "पार्सल लक्झरीत चढवलंय, आधी यूपीआय करा" म्हणाला तर बसची पावती आल्याशिवाय एक रुपयाही नको. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जितका उशीर, तितके ते खात्याखात्यांतून पुढे सरकतात.