देवगडच्या सड्यावर आठ महिने: सहा इंची दुर्बीण आणि १० बाय ५० बायनॉक्युलर

२०२४ च्या दसऱ्यानंतर दोन वस्तू आठवड्याच्या अंतराने घरात आल्या. आधी १० बाय ५० (दहा पट दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर, मग सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बेसवर बसवलेली, आरशाची) दुर्बीण. घाई झाली ती त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतूमुळे. सूर्यास्तानंतर तो पश्चिमेला दिसणार होता, आणि आमच्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, पश्चिम कडेखाली थेट समुद्रच आहे. दुर्बीण पोहोचेपर्यंत धूमकेतू बराच फिका पडला होता. त्याची शेपटी आम्ही पाहिली ती बायनॉक्युलरमधूनच, घरातल्या पाच जणांनी आळीपाळीने.

आधी दुर्बिणीबद्दल. आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर १२००. सोबतच्या २५ मिलिमीटर आयपीसने (डोळा लावतो त्या भिंगाने) ४८ पट दिसतं, १० च्या आयपीसने १२० पट. काचकामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. डिसेंबरात शनीची कडी जवळजवळ आडवी आली होती, ग्रहाच्या आरपार सुई खुपसावी तशी. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पाहिला. हा तारकागुच्छ युरोपातून बहुतेक ठिकाणी क्षितिजावरच येत नाही, देवगडातून तो पंचवीस-सव्वीस अंश वर येतो. ४८ पटीत त्याच्या कडेचे तारे सुटे होतात आणि मधे रवा सांडल्यासारखं दिसतं. त्या एका दृश्यासाठीसुद्धा मी ही दुर्बीण पुन्हा घेईन.

पण कोकणात ती जशी येते तशी टिकत नाही, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यायला हवं. खालचा बेस भुशाच्या दाबलेल्या फळीचा असतो. जानेवारीत रात्री दव एवढं पडायचं की नळीवरून पाणी ओघळायचं. फेब्रुवारीपर्यंत बेसच्या कडा पाव भिजवल्यासारख्या फुगल्या आणि दुर्बीण आडवी फिरवताना अडकायला लागली. १२० पटीत गुरू लावावा, हलकेच ढकलावा, तर तो उडी मारून नजरेबाहेर. विकणाऱ्याला फोटो पाठवले. ओलाव्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. समुद्रकाठच्या पत्त्यावर माल पाठवताना हे आधी सांगायला काय हरकत होती? शेवटी होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडून मरीन प्लायचा बेस करून घेतला. कापलेल्या कडांना त्याने होडीला देतात तसे रंगाचे दोन हात दिले. तेव्हापासून दुर्बीण लोण्यासारखी फिरते.

बुरशीचं म्हणाल तर दोन्ही आयपीस आणि बायनॉक्युलर पंधरा वॅटचा पिवळा बल्ब लावलेल्या बंद कपाटात ठेवतो. फोटोग्राफर लोकांची ही जुनी युक्ती आहे. डब्यात निळी सिलिका जेल असते, गुलाबी झाली की तव्यावर भाजून पुन्हा निळी करायची. सड्यावरून आल्यावर भिजलेली नळी लगेच झाकू नका, आधी वाळू द्या. मी एकदाच झोपेच्या नादात टोपण लावलं, तर सकाळी आरशावर खारे डाग. डिस्टिल्ड वॉटरने धुतल्यावर ते गेले, पण आरशावरचा मुलामा खाऱ्या हवेत किती वर्षं टिकेल याची धास्ती आहेच.

आता दिव्यांबद्दल. खरं तर हे लिहायला बसलो ते त्यासाठीच.

आमच्याकडे रात्री आकाशात किंवा समुद्रावर काही चमकलं की म्हाताऱ्यांच्या तोंडी वेताळाची पालखी येते, तरुणांच्या तोंडी यूएफओ. मी दोन्ही ऐकत मोठा झालो आणि लहानपणी सड्यावरून एकटा यायला घाबरत होतो. म्हणून कोणी दिवा पाहिल्याचं सांगितलं की मला हसू येत नाही. त्याने काहीतरी पाहिलेलं असतंच. काय पाहिलं, एवढंच शोधायचं असतं.

फेब्रुवारीत संध्याकाळी दिव्यांची एक माळ नैऋत्येकडून वर चढली आणि डोक्यावर येता येता एकेक दिवा विझत गेला. चुडी घेऊन माणसं चालावीत अगदी तशी. ते इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह होते. खाली अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, आणि उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की दिसेनासा होतो. एप्रिलात आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार सांगत आला की रात्री अकराला समुद्रावर लाल-हिरवा दिवा लुकलुकतो आणि जागचा हलत नाही. त्याच्यासोबत बसलो. मावळतीला आलेला व्याध होता तो. क्षितिजाजवळ ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यात रंग फुटतात. बायनॉक्युलर किंचित हलवला की व्याधाची रंगीबेरंगी रेघ ओढली जाते. ती पाहून तो कितीतरी वेळ बायनॉक्युलर हलवतच राहिला.

आणि मे महिना. सीमेवर लढाई सुरू होती, किनाऱ्यावर सावधगिरीच्या सूचना होत्या, आणि रोज मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ यायचा. एके दिवशी आठ-सव्वाआठला शेजारचे तात्या हाक मारत आले, "समुद्रार ड्रोन उभो हा!" जेटीवर पंधरा-वीस माणसं जमली होती. भीती खरी होती, बायका पोरांना घरात घेत होत्या. पश्चिमेला, किंचित उजवीकडे, हाताच्या दीड मुठीएवढ्या उंचीवर एक पिवळसर, स्थिर दिवा. बायनॉक्युलर जेटीच्या खांबावर टेकवला आणि तात्यांना म्हटलं, "तात्यानू, तो गुरू हा, हयसून बघा." ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ह्यो गुरू, तर मगे बाजूचे ह्ये बारके ठिपके कसले?" गुरूचे चंद्र, मी सांगितलं. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस म्हणाला, "ह्यां मी कधी बघूक नाय." मग रांगच लागली, आणि गुरू मावळेपर्यंत कोणी घरी गेलं नाही.

या कामाला दुर्बिणीचा उपयोग जवळपास शून्य. चालता दिवा तिच्यात सापडेपर्यंत निघून जातो. बायनॉक्युलर, होकायंत्र आणि वही, बस. वहीत वेळ, दिशा, उंची (हात लांब केला की मूठ म्हणजे साधारण दहा अंश) आणि दिवा किती वेळ दिसला ते लिहायचं. किती वेळ, हे सगळ्यांत महत्त्वाचं. उल्का दोन-चार सेकंदांत संपते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात जळते तुकडे सावकाश आकाश ओलांडून गेले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूची मोठी कडी पडलेली सापडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला, त्यात तो सावकाशपणा ही एक खूण होती.

हाच नियम आपल्या लाडक्या गोष्टींनाही लावावा लागतो. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने तिथून हेलियम शोधला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण या किनाऱ्यावरून गेलं हे खरं. पण या शोधाशी ज्याचंही नाव जोडतात तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी गुंटूरला होता, आणि लॉकियरचं गाजलेलं निरीक्षण त्यानंतर ऑक्टोबरात, इंग्लंडातून झालं. मला हे वाचून वाईट वाटलं होतं. तरी पाहुण्यांना किल्ला दाखवताना मी आता असंच सांगतो.

पहिल्यांदाच घेत असाल तर नुसता १० बाय ५० घ्या, एक हंगाम वापरा. हात थरथरतो, म्हणून काठीला किंवा कठड्याला टेकवून बघा. दुर्बीण घेणार असाल तर बेसच्या सुताराचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

२०२५ मध्ये २५ मेलाच पाऊस देवगडात पोहोचला आणि हंगाम लवकर आटपला. दुर्बीण माजघरात उभी आहे, काचा कपाटात आहेत. वहीत एकूण तेवीस नोंदी झाल्या, बावीस उलगडल्या. उरलेली मार्चमधली, पहाटे चार दहाची: नारिंगी, आवाज नाही, दक्षिणेकडून उत्तरेकडे, सुमारे तीन मिनिटं. तेव्हा बायनॉक्युलर घरी होता. तिच्यापुढे मी "ओळख पटली नाही" असं लिहून ठेवलं आहे.