वासा की अ‍ॅमस्टरडॅम?
जहाज बघायचं असेल तर स्टॉकहोमचं वासा संग्रहालय, यात मला शंका नाही. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही न जाता बुडालेलं वासा हे स्वीडिश युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढलं. बहुतेक लाकूड मूळचंच आहे. मंद उजेडात त्यावरचे कोरीव सिंह बघताना पाय निघत नाही. इमारतही जहाजासाठीच बांधलेली.

अ‍ॅमस्टरडॅमच्या सागरी संग्रहालयात मात्र वास्तूच आधी मनात भरते. १६५६ चं आरमाराचं कोठार. दोर, शिडं, तोफा इथूनच जहाजांवर चढत. चौकावरच्या काचेच्या छतात जुन्या सागरी नकाशांतल्या दिशारेषा उमटल्यात. धक्क्यावरचं जहाज ‘अ‍ॅमस्टरडॅम’ नावाच्या जुन्या डच व्यापारी जहाजाची प्रतिकृती आहे (मूळ जहाजही पहिल्याच सफरीत, १७४९ मध्ये गमावलं!), पण त्याच्या डेकवर मुलांना चढता येतं. वासा लांबूनच बघायचं.