सगळ्या मुलांना एकच काळी चार: एका संगीतवर्गाचा वार्षिक कार्यक्रम

विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला कोण किती गोड गायलं हे ऐकायला मी जात नाही. मी वर्ग बघायला जाते. प्रारंभिकच्या, म्हणजे पहिल्या परीक्षेच्या, पोराची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली तर त्याला ती पुन्हा सापडते का, मोठी मुलगी स्वतःच्या पट्टीत, म्हणजे आपल्या गळ्याला मानवणाऱ्या 'सा'वर, गाते की वर्गाच्या, पेटीवाला मुलाच्या मागून जातोय की पुढून, यावरून शिकवणाऱ्यांनी वर्षभर काय केलं ते कळतं. भाची या वर्गात गाणं शिकते, आणि मी आयुष्यभर तबल्याची साथ केलेली बाई आहे, त्यामुळे माझा कान आधी डग्ग्याकडे वळतो. हे वाचताना तेवढं लक्षात असू द्या. भाचीच्या गाण्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. मला घरात राहायचं आहे.

सुरुवात छोट्यांच्या भूपातल्या स्वरमालिकेने झाली. भूप हा शहाणा निर्णय. मध्यम-निषाद वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध, त्यामुळे कोमल-तीव्राच्या भानगडीत न पडता मुलं सुरावर लक्ष ठेवू शकतात. आणि पहिलं आवर्तन, म्हणजे तालाची पहिली फेरी, पेटीशिवाय, नुसत्या तंबोऱ्यावर. हे मी फार कमी वर्गांत पाहिलंय. सूर थोडा डोलला, पण तो मुलांचा होता. हाताने त्रिताल सगळी मोजत होती, आणि नवव्या मात्रेला, खालीला, म्हणजे जिथे टाळी न देता पंजा उलटा करतात तिथे, सगळे पंजे एकदम उलटे झाले. मागच्या रांगेतला एक जण गात नव्हता, नुसत्या टाळ्या हाणत होता, पण खाली त्यालाही बरोबर ठाऊक होती. लहान गटाकडून मी याहून जास्त काही मागत नाही.

तबल्याचा गट तिसरा आला. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच पुढच्या रांगेत बसले होते. आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, मग वादन. 'धाधा तिट धाधा तूना' हाच कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, जो सगळ्यांच्या नशिबी पहिला येतो, पण हातावर टाळी देत, खणखणीत आवाजात. जे तोंडाने नीट म्हणता येत नाही ते हातातून नीट येत नाही, हे इथल्या गुरुजींना पटलेलं दिसतंय. सगळे तबले एका सुरात लावायला त्यांनी वेळ घेतला, हेही बरं केलं, पण दिव्यांच्या उष्णतेने पुड्या, म्हणजे तबल्यावरची कातडी, तापतात आणि सूर चढतो. दुसऱ्या पलट्यापर्यंत, म्हणजे त्याच बोलांच्या दुसऱ्या फेरमांडणीपर्यंत, उजवीकडचे दोन तबले स्पष्ट चढलेले होते. त्यावर उपाय साधा: तबले तासभर आधी रंगमंचावर आणून ठेवायचे आणि दिवे लागल्यानंतर सूर लावायची शेवटची हातोडी मारायची.

दुगुन, म्हणजे दुप्पट लय, सुरू झाल्यावर मुलं पळायला लागली. पळणारच. पण लेहरा, म्हणजे तबल्यासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी एकच धून, धरून बसलेली एक मोठी विद्यार्थिनी होती, तिने लय सोडली नाही. मुलांच्या मागे धावली नाही, वटारून बघितलंही नाही, त्याच चालीने वाजवत राहिली, आणि दोन-तीन आवर्तनांत सगळी पोरं तिच्याकडे परत आली. लेहऱ्याचं काम हेच, आणि ते कोणाला दिसत नाही. टाळ्या पुढच्या रांगेतल्या गोंडस मुलाला पडल्या.

त्यानंतर एका मुलाने एकट्याने वाजवलं. त्याची तिहाई एक मात्रा आधी संपली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर. तो आधी पडला की लपवता येत नाही. मुलाचे कान लाल झाले, पण त्याने हात उचलला नाही. ठेक्यावर, म्हणजे तालाच्या मूळ बोलांवर, आला, एक आवर्तन ठेका वाजवला, तीच तिहाई पुन्हा घेतली आणि बरोबर समेवर उतरला. चुकल्यावर थांबायचं नाही, ठेका धरायचा, हे त्याला कोणीतरी मुद्दाम शिकवलं आहे. बिनचूक वाजवलं असतं तर मला हे कळलंच नसतं.

एवढं कौतुक झालं. आता तक्रार.

या वर्गात सगळी मुलं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' (षड्ज) धरून, गातात. लहान मुली, मोठ्या मुली, मुलगे, सगळे. मुलींना ती पट्टी बऱ्यापैकी मानवते. पण बारा-चौदा वर्षांच्या मुलग्याचं काय? त्या वयात स्वरतंतू लांबतात, जाड होतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. हे एका रात्रीत होत नाही. मधले काही महिने आवाज कुठे फुटेल त्याचा नेम नसतो. अशाच एका मुलाने दुर्गा राग घेतला. बंदिश पाठ, ताल पक्का, रागाचं चलन समजलेलं. मध्यमापर्यंत त्याने निभावलं. धैवतावर आवाज फाटला. तार षड्जाला त्याने मान वर करून ओठ नुसते हलवले. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. त्या मुलाची काही चूक नव्हती. तो काळी एकमध्ये, फार तर काळी दोनमध्ये बसला असता तर सभागृहाने मान डोलावली असती.

नंतर मी एका शिक्षिकेला विचारलं, आणि त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. त्या म्हणाल्या, "ताई, तबला एकच आहे ना, काळी चारचा. प्रत्येकासाठी दुसरा कुठून आणायचा?" अडचण खरी आहे. तबला एखाद-दुसऱ्या सुराने चढवता-उतरवता येतो, त्यापलीकडे ताणलं तर पुडी बिघडते आणि सैल केलं तर बोल बसकट होतो. पण मुळात इथे दुसरा तबला लागतच नाही. काळी एक हा षड्ज धरा आणि त्याचा पंचम पेटीवर शोधा. बोट काळी चारवरच पडतं. म्हणजे तोच तबला, हातोडीला हात न लावता, त्या मुलाला पंचमात लागलेला मिळतो. दुर्ग्यात पंचम आहे, भूपात आहे, यमनात आहे. पंचमात लावलेल्या तबल्यावर गाणं ही काही तडजोड नाही, साथीला बसणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. साथीदाराला नुसतं विचारलं असतं तरी काम झालं असतं. मी असं म्हटल्यावर बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. बघू.

पेटीबद्दलही थोडं बोलते. साथीला बसलेले गृहस्थ तयारीचे, बोटं सुरेख, पण मुलं गायच्या आधीच ते पुढची ओळ वाजवत होते. त्याने कार्यक्रम गुळगुळीत होतो आणि पालक खूश होतात, पण मूल तंबोरा सोडून पेटीच्या मागे जायला लागतं. भारतीय रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 मध्ये सैल केली, त्यामागची कारणं वेगळी होती, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड, बारीक श्रुती पेटीवर येत नाहीत वगैरे. मी पेटीच्या विरोधात अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच की मूल आधी, पेटी नंतर. छोट्यांना पहिल्या आवर्तनात जे दिलं ते मोठ्यांकडून का काढून घेतलं, हे मला समजलं नाही.

आता संध्याकाळची सर्वांत चांगली गोष्ट. मोठ्या गटातली एक मुलगी मालकंस गायला बसली. आधीचा विद्यार्थी यमन गाऊन गेला होता आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा तसाच पंचमावर चालू राहिला होता. मालकंसात पंचम नाही, ऋषभही नाही; मध्यम हा त्याचा प्राण. तंबोऱ्याचा पहिला सूर मध्यमाचा असला की राग उभा राहतो, पंचम वाजत राहिला की प्रत्येक आलापाला मागून कोणीतरी पदर ओढल्यासारखं होतं. तिने दोन आलाप घेतले आणि थांबली. गुरूंकडे पाहिलं नाही, निवेदकाकडे पाहिलं नाही. हात पुढे करून बटण मध्यमावर आणलं, दोन क्षण ऐकलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बऱ्याच श्रोत्यांना वाटलं ती विसरली. माझ्या शेजारचे आजोबा तर हळहळलेच. मी त्यांना कानात सांगितलं तेव्हा ते सरसावून बसले आणि मग पूर्ण विलंबित, म्हणजे संथ, एकताल त्यांनी बोटांवर मोजला.

तिचं गाणं अजून कच्चं आहे. तानांत कोमल धैवत वर सरकतो, आणि विस्तार तिसऱ्या-चौथ्या आवर्तनानंतर त्याच त्याच जागी फिरतो. पण ज्याला तंबोरा ऐकू येतो त्याला बाकीचं शिकवता येतं. असा कान वर्गातून घडलाय म्हणजे तिथे काहीतरी मूलभूत काम चाललंय.

मात्र तिला तंबोरा ऐकू आला तो तंबोऱ्याचं यंत्र तिच्या शेजारीच होतं म्हणून, ध्वनिव्यवस्थेमुळे नव्हे. गाणाऱ्याकडे तोंड केलेला एकही स्पीकर रंगमंचावर नव्हता. सगळा आवाज श्रोत्यांकडे, आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत आलेला. त्यात पेटीचा माइक सर्वांत मोठा, डग्ग्याला माइकच नाही, आणि छोट्यांसाठी माइकचा दांडा खाली करायला कोणीही उठलं नाही, त्यामुळे अर्ध्या मुली टाचा उंचावून गायल्या. मध्ये दोनदा माइक किंचाळला. ध्वनीवाल्याला आदल्या दिवशी तासभर बोलावलं असतं तर हे सगळं टळलं असतं.

गिटार आणि कीबोर्डचा विभागही होता. मुलं आनंदात होती, मागे ध्वनिमुद्रित ताल वाजत होता, आणि कोण खरोखर वाजवतंय ते कळायला मार्ग नव्हता. त्यावर मत देण्याचा माझा अधिकारही नाही. फक्त एका मुलीने ध्वनिमुद्रणाशिवाय एकटीने गिटार वाजवली, ती ऐकायला छान वाटली.

कार्यक्रम तीन तासांच्या पुढे गेला. निवेदन लांब, पाहुण्यांचं भाषण त्याहून लांब, आणि ज्यांनी वर्षभर घासलं त्या मुलांना चार-चार मिनिटं. मालकंसवालीलाही द्रुत, म्हणजे शेवटचा जलद भाग, आवरतं घ्यायला लावलं, तेही समोरून हात दाखवून. भाषण आवरायला मात्र कोणाचा हात उठला नाही. दोन दिवसांत विभागलं, एक दिवस प्रारंभिक-प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांची मुलं आणि दुसरा दिवस मध्यमा-विशारद या वरच्या परीक्षांची, तर सगळ्यांना श्वास घेता येईल. रागांच्या क्रमाकडेही बघायला हवं. भर संध्याकाळी भैरव, सकाळचा राग, आला, परीक्षेला आहे म्हणून. परीक्षा परीक्षेच्या जागी ठीक आहे.

मूल घालावं का इथे? लहान असेल तर डोळे मिटून घाला. ताल, पढंत आणि तंबोरा ऐकण्याची सवय या तिन्ही गोष्टी इथे पक्क्या होतील. तबला शिकायचा असेल तर नक्कीच. मुलगा आवाज फुटण्याच्या वयात असेल तर पहिल्याच दिवशी विचारा, "याची पट्टी कोणती धरणार?" आवाज न ऐकताच काळी चार असं उत्तर आलं, तर बंदिशी पाठ करून घ्या, तबल्याला बसवा, पण रंगमंचावर एकट्याने गायला लावू नका. बहिणीला मी भाचीचं नाव पुढच्या वर्षीही इथेच राहू दे असं सांगितलं आहे. आणि पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक नावापुढे रागाबरोबर पट्टीही छापा, असं वर्गाला लेखी कळवलं आहे.