शांत सूर्याचे चुंबकीय क्षेत्र : विदा कुठली घ्यावी?

सूर्याच्या डाग नसलेल्या भागावर, म्हणजे शांत सूर्यावर, प्रकल्प करायचा असेल तर आधी ठरवा, नेटवर्क हवे की त्याच्या आतला भाग. सुमारे ३० हजार किलोमीटर रुंद महाकणिकांच्या (पृष्ठभागावरच्या वायुप्रवाहाच्या मोठ्या कप्प्यांच्या) कडांवर साचलेले नेटवर्क हजार गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) पुढचे आणि बहुतांशी उभे असते. त्याला नासाच्या एसडीओ या सौर उपग्रहावरचे एचएमआय हे चुंबकीय नकाशे देणारे उपकरण पुरते : पूर्ण बिंब, अर्ध्या आर्कसेकंदाचा (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे आर्कसेकंद) पिक्सेल, दर ४५ सेकंदांनी दृष्टिरेषेतले क्षेत्र, गोंगाट १० गॉसच्या आसपास.

आतल्या भागात मात्र एचएमआय फसवते. विरुद्ध ध्रुवांची ठिगळे एकाच पिक्सेलमध्ये आली की झीमन परिणामाचे (चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटण्याचे) वर्तुळी ध्रुवण परस्परांना खोडते आणि क्षेत्र नसल्यासारखे दिसते. आडव्या घटकातला गोंगाट तर १०० गॉसच्या घरात. एचएमआयची सदिश विदा (क्षेत्राची दिशाही देणारी) इथे नकोच.

त्यापेक्षा हिनोदे या जपानी सौर उपग्रहावरचा स्पेक्ट्रोपोलारिमीटर (वर्णरेषांतले ध्रुवण मोजणारे उपकरण) बरा. ५० सेंटिमीटरची दुर्बीण, लोहाच्या ६३०.१५ आणि ६३०.२५ नॅनोमीटरच्या रेषा, विभेदन ०.३ आर्कसेकंद. २००८ मध्ये याच विदेतून आडवे क्षेत्र सरासरी ५५ गॉस आणि उभे ११ गॉस निघाले, तेव्हापासून वाद सुरू आहे. दुखणे असे : क्षीण क्षेत्रात व्ही संकेत (वर्तुळी ध्रुवण, उभ्या क्षेत्राचे) क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो, क्यू आणि यू (रेषीय ध्रुवण, आडव्या क्षेत्राचे) मात्र वर्गाच्या. त्यामुळे क्यू-यूमधला जरासा गोंगाटही उलटगणितात (ध्रुवणावरून क्षेत्र काढताना) भलेमोठे आडवे क्षेत्र होऊन बसतो. गोंगाटाच्या साडेचार पटीखालचे पिक्सेल सरळ वगळा. शिवाय हे उपकरण एका वेळी एका अरुंद फटीतूनच बघते आणि ती फट सरकत जाते. ०.१६ आर्कसेकंदाच्या पावलाला ४.८ सेकंद, म्हणजे ६० आर्कसेकंद रुंद नकाशाला अर्धा तास. कणिका (पृष्ठभागावरचा उकळता छोटा कप्पा) तर पाच-दहा मिनिटांत विरते. उत्क्रांती बघायची असेल तर अरुंद पट्टाच घ्या.

लोहाची १५६४.८ नॅनोमीटरची अवरक्त रेषा (जमिनीवरच्या ग्रेगोर दुर्बिणीवर मिळते) आमच्या मते सर्वांत प्रामाणिक. १०० गॉसला ६३०.२५ची रेषा जेमतेम अर्धा पिकोमीटर सरकते, ही साडेतीन. साधारण ५०० गॉसपासून रेषेचे फुटलेले घटक वेगळे होऊ लागतात, मग क्षेत्राची तीव्रता आणि त्याने व्यापलेला पिक्सेलचा अंश यांची गल्लत होत नाही. त्रास वातावरणाचा, आणि सलग निरीक्षणे मिळण्याचा.

स्ट्राँशियमच्या ४६०.७ नॅनोमीटर रेषेतला हान्ले परिणाम (विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणात क्षेत्रामुळे होणारा बदल) गुंतलेल्या क्षेत्रातही खोडला जात नाही, पण उत्तर गृहीत धरलेल्या गणिती प्रतिकृतीवर (मॉडेलवर) अवलंबून. नवख्याने टाळावे.

आदित्य-एल१ या भारतीय यानावर पुण्याच्या आयुकाने बनवलेली सूट ही अतिनील दुर्बीण चुंबकीय क्षेत्र मोजत नाही, आणि त्यावरचा चुंबकमापक फक्त यानाभोवतीचे क्षेत्र मोजतो. सूटच्या मॅग्नेशियम प्रतिमांत नेटवर्क उजळ दिसते; एचएमआयच्या नकाशाशी जुळवायला त्या उपयोगी.